ब्रेक डिस्कवरचा शेंदूर

ही गोष्ट मी इतकी वर्षं टाळली, पण दसऱ्याला तेलात कालवलेल्या शेंदराचा वास आला की स्वतःचाच संताप येतो. त्या वर्षी गाडी सिग्नलला नीट थांबावी म्हणून वस्तीतल्या मेकॅनिककडून कारच्या पुढच्या चाकांना ब्रेकच्या मोठ्या डिस्क आणि त्या आवळून धरणारे चांगले ब्रेक पॅड बसवून घेतले होते. दसऱ्याला पूजा करताना त्या चकचकीत डिस्क चाकाच्या फटीतून दिसल्या आणि मी बोट घालून दोन्हींवर तेल-शेंदराचा ठसठशीत टिळा लावला. तासाभरात कामठी रोडवर ब्रेक लागला नाही, गाडी पुढच्या ऑटोवर आदळली, शेजारी बसलेल्या बायकोचं कपाळ फुटलं. तिला टाके घालून घरी सोडलं आणि मी थेट त्या मेकॅनिकच्या गॅरेजवर गेलो. "ब्रेक बसवता येत नाही तर पंक्चर काढत बस! माणसं मारतं का बे?" गिऱ्हाइकांसमोर मी ओरडलो. "काकाजी, आधी गाडी तर दाखवा मले, मग शिव्या द्या," तो म्हणत राहिला. मी दाखवली नाही, उलट वस्तीभर त्याची बदनामी केली. पुढे दुसऱ्या मेकॅनिकने चाक उघडलं आणि लाल माखलेले पॅड माझ्यासमोर धरले. "ब्रेकले तेल कोण लावते, काकाजी?" "मला काय माहीत!" मी त्याच्यावरही खेकसलो. पहिल्याचं गॅरेज तोवर बंद पडलं होतं. यंदा आपट्याची पानं घेऊन मी त्याच्या घरी गेलो. तो पाया पडला. म्हणाला, "काकाजी, तवा माझं काय चुकलं, आजही समजून नाही राहिलं." "तुझं काहीच चुकलं नव्हतं," एवढं वाक्य मी घरून पाठ करून गेलो होतो. ते तसंच परत घेऊन आलो.