मुलांच्या पसंतीचं करडू

घाटनांदूरच्या शाळेत मी रुजू झाले, त्या दिवशी शकुंतलाबाई तिसरीच्या वर्गासमोर स्वतः काढलेलं एका काळ्या करडाचं चित्र धरून गप्प उभ्या होत्या. करडू रडतंय, असं कुणीतरी म्हणालं, तर एक मुलगी म्हणाली, "करडू रडत न्हाई बाई, त्याला झोप आलीय." बाईंनी ते चित्र तिथंच फाडलं. मला वाटलं, बाई भलत्याच तापट दिसतात. पुढं कळलं, ही त्यांची रीतच होती. गोष्ट सांगायची नाही, नुसतं चित्र दाखवायचं. मुलांना ती आपसूक कळली तर चित्र ठेवायचं, नाहीतर फाडायचं. यात कुणाचा मुलाहिजा नाही, स्वतःचासुद्धा.

अशा चाळणीतून बाईंचं 'करडू हरवलं' हे पुस्तक तयार झालं. कपिलधारच्या यात्रेत चुकलेलं करडू माणसांना विचारत विचारत घरी येतं, एवढीच गोष्ट. पण आमच्या भागातल्या कितीतरी घरांत ते पानं सुटेपर्यंत वाचलं गेलं. स्नेहसंमेलनात मी त्याचं नाटक बसवलं. ऐन प्रयोगात घोंगडीच्या करडाचं शेपूट गळून पडलं आणि मी पडद्यामागं तोंड लपवून बसले. बाई चहा घेऊन आत आल्या आणि म्हणाल्या की पोरं हसली, म्हणजे नाटक त्यांचं झालं. त्या चहाची चव मी विसरलेले नाही.

पुढं रेडिओवर श्रुतिका झाली, तीही बरी होती. मग मोबाइलवर कार्टून फिल्म आली. तिच्यात आमचं काळं करडू पांढरंशुभ्र, निळ्या डोळ्यांचं झालं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

यंदा प्रकाशकांनी नवी आवृत्ती काढायचं ठरवलं, पण फिल्ममधली चित्रं घालून. त्यासाठी बाईंची परवानगी हवी होती. नकार द्या, म्हणून शाळेतल्या आम्ही सगळ्यांनी विनवलं. निवृत्त होऊन बरीच वर्षं झालेल्या बाई स्वतःचं आणि फिल्ममधलं अशी दोन्ही चित्रं घेऊन पुन्हा तिसरीच्या वर्गात गेल्या, मीही सोबत गेले. बाईंचं चित्र पाहून मुलं घुटमळली. पांढरं करडू दिसताच मात्र सगळा वर्ग एकदम गोष्ट सांगू लागला. बाईंनी आपलं चित्र फाडायला घेतलं. ते लवकर फाटेना.

मुलांनी फिल्म पाहिलेली, त्यात चित्राचा काय गुण, असं मी बाहेर येऊन तावातावानं म्हणाले.

"पोरायला कळलं ना? मंग झालं," बाई म्हणाल्या. "नियम काय दुसऱ्यापुरताच असतोय का?"

त्यांनी सही केली. नवं पुस्तक देखणं निघालं आहे, खपतंही आहे. मला मात्र ते हातात घ्यावंसं वाटत नाही. बाईंचा खरेपणा मोठा, हे मान्य. पण त्या दिवशी तो थोडा कमी पडला असता तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं.

बाई, आज तुम्हाला पंच्याहत्तर वर्षं पूर्ण झाली. पुढची वर्षंही तुम्हाला ठणठणीत जावोत, डोळे आणि हात साथ देत राहोत. एवढं आयुष्य तुम्ही मुलांना विचारून चित्रं काढलीत. आता एक काळं करडू कुणालाही न विचारता काढा, आणि ते फाडू नका.