फुकटची घासाघीस

वारूळवाडीत एकाचं इलेक्ट्रिकचं दुकान आहे. रात्री शेताला पाणी भरायला जाताना बिबट्यामुळं लागते ती लांब उजेडाची टॉर्च त्याच्याकडं बाराशेला आणि परदेशातल्या साइटवर साडेपाचशेला, म्हणून आम्ही सगळे तिकडूनच मागवतो. कुरिअरवाला मळ्यात येत नाही, तेव्हा पत्ता मात्र त्याच्याच दुकानाचा देतो. तो सही करून पार्सल घेतो आणि आपल्या मालाशेजारी फळीवर मांडतो.

पैसे आधीच भरलेले असले तरी पार्सल देताना तो भाव सांगतोच.

"बाराशे."

"पाचशे," मी म्हणतो.

"परवडत न्हाई राव. खरेदीच नऊशेची हाय."

मी उठून पायरीपर्यंत जातो. तो परत बोलावतो, चहा सांगतो. शेवटी आठशेवर ठरतं आणि तो पार्सल पिशवीत घालून देतो. मी एक रुपया देत नाही, तोही मागत नाही. तरी चारशे वाचवले म्हणून मी खुशीत घरी येतो.

परवा मी घाईत होतो. फळीवरचं पार्सल उचललं, "पैसे भरलेत भाऊ" म्हणालो आणि गाडीला किक मारली. तो गल्ला सोडून पायरीवर आला.

"आवो, निदान म्हाग हाय एवढं तरी म्हना."

मला गाडी बंद करावीच लागली.

"लई म्हाग लावता राव तुमी."

"मग दुसरीकडं बघा," तो म्हणाला आणि समाधानानं पुढच्या पार्सलावरची धूळ पुसायला आत गेला.