मास्तरांच्या अक्षरातली आई

ऐंशीच्या दशकात मी शिकागोच्या एका कॉलेजात टायपिस्ट होते. तिथल्या एका प्रोफेसरांचं इंग्रजी भाषेवरचं पुस्तक माझ्याकडे टाइप करायला आलं. पाठ धरायची, डोळे चुरचुरायचे. एक प्रकरण मात्र मी थांबून वाचलं. पूर्वी इंग्लंडात दर प्रांताची बोली वेगळी होती. लंडनच्या सरकारी कचेरीतले कारकून सगळ्यांचे कागद हळूहळू एकाच वळणाने लिहायला लागले, पुढे छापखान्यांनी तेच वळण उचललं आणि ती देशाची भाषा झाली. म्हणजे माझ्यासारख्याच कंटाळलेल्या लोकांचा त्यात हात होता! आमच्या ऑफिसचे साहेब दक्षिणेतल्या टेनेसीचे; पत्रांचा मजकूर टेपवर सांगताना ते गावाकडचं मोकळं बोलायचे आणि मी ते शुद्ध इंग्रजीत सरळ करून टाइप करायचे.

त्या संध्याकाळी घरी आले तर आईचं पत्र आलेलं. तिला लिहिता येत नव्हतं. वर्ध्याजवळच्या आमच्या गावी शेजारचे मास्तर तिचं पत्र लिहून द्यायचे. ‘पत्र न येण्याचे कारण कळावे,’ असं त्यात होतं. आई जन्मात असं बोलली नसती. ‘काहून वं पोरी, इसरली काय मले?’ असंच म्हणाली असणार. मास्तरांचा मला भयंकर राग आला. मग वाटलं, मी तरी दिवसभर दुसरं काय करते?

आई जाऊन आता बरीच वर्षं झाली. पत्रांचा गठ्ठा मी जपून ठेवलाय. अक्षर सुरेख आहे, चूक एकही नाही, आणि आई कुठेच नाही.