गांडुळांना काय वाढलं

आई गेल्यानंतर बाबांनी जेवण जवळजवळ सोडलंच. दोन घास खायचे आणि ताट सरकवायचे. शर्ट खांद्यांवरून ओघळायला लागला, तशी माझी झोप उडाली. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, आणि माझं मन या कामात पहिल्यापासून तरबेज. सदर भागातल्या ऑफिसात फायली चाळताना डोक्यात एकच: दुपारी त्यांनी काही खाल्लं असेल का?

त्यांचा जीव कशात तरी रमावा म्हणून मी गांडुळं आणली. गॅलरीत एक जुना, भोकं पाडलेला ड्रम, त्यात काथ्या, शेणखत आणि मूठभर गांडुळं. बाबांनी आधी नाक मुरडलं. मग एक दिवस पाहते तर स्वारी दोडक्याची सालं बारीक चिरत बसलेली. ऊन तापलं तसे ते गोणपाट भिजवून ड्रमवर टाकायला लागले. मी जवळून गेले तरी दटावायचे, "हळू चाल वं, जेवून राहिले ते."

आणि नवल म्हणजे त्यांचं ताटही रिकामं यायला लागलं. संध्याकाळी ते ताट घेऊन गॅलरीत बसायचे. म्हणायचे, इथं हवा लागते. मे महिन्यात, नागपुरात, कूलर सोडून गॅलरीत हवा! पण मला शंका घ्यायचीच नव्हती. एका रविवारी मी आईसारखा गोळाभात केला, डाळीचे गोळे आणि वरून हिंगमोहरीचं कडकडीत तेल. ताट लख्ख परत आलं. मी स्वयंपाकघरात उभी राहून रडले, आनंदानं.

त्याच आठवड्यात गांडुळं ड्रमच्या कडेनं वर चढायला लागली. काही बाहेर पडून फरशीवर वाळून गेली. ड्रमला आंबूस वास येत होता. "ऊन लय आहे म्हणून," बाबा माझ्याकडे न पाहता म्हणाले. ही पण मेली तर हा माणूस पुन्हा जेवण सोडेल, याची मला खात्री होती. ते आंघोळीला गेले तेव्हा मी गोणपाट बाजूला करून हातानंच उकरलं.

एका कोपऱ्यात भाकरीचे तुकडे होते, दोडक्याची भाजी होती. त्याखाली तेलकट भातात माझे गोळे, अख्खे, एकालाही दात न लागलेले. गांडुळं त्यांच्यापासून लांब पळालेली.

आता भीती गांडुळांसाठी नव्हती. इतके दिवस हा माणूस जगत कशावर होता?

बाबा टॉवेल गुंडाळून दारात उभे होते. "बाबा, काय करून राहिले तुम्ही हे?" मी ओरडलेच.

ते खाली पाहत राहिले. "ताट तसंच राह्यलं का तुयं तोंड उतरते. मले भूकच नाही लागत, तं काय करू? अन्न फेकाले जीव होत नाही. म्हटलं, हे तरी खातीन."

माझा राग जागीच विरला. आम्ही दोघांनी मिळून ते सगळं उपसलं आणि कोरडा काथ्या घातला. ते वाकून उरलेली गांडुळं शोधत होते. "जगतीन ना वं?" त्यांनी विचारलं. माहीत नव्हतं, तरी मी हो म्हणाले.

संध्याकाळी त्यांना चतकोर भाकर आणि ताक दिलं, आणि मीही माझं ताट घेऊन शेजारी बसले. त्यांनी हळूहळू तेवढं संपवलं. "अजून घ्या" ओठांवर आलं होतं, ते घासाबरोबर गिळलं.

गांडुळं जगली. आता रोज ऑफिसला निघण्याआधी मी ड्रम उकरून पाहते. बाबा शेजाऱ्यांना कौतुकानं सांगतात, "माह्यापेक्षा तिलेच त्या गांडुळांची काळजी." मी बोटांनी कोपरे चाचपत राहते, कुठे भाकरीचा तुकडा लागतो का ते बघत.