माझ्याकडे तर चालतंय

दिवसभर लोकांच्या नाकावर फ्रेमा बसवणाऱ्या या चष्मेवाल्या गृहस्थांना घरात सगळे ‘मेंटेनर’ म्हणत. त्याला कारणही तसंच होतं. लिनक्स या फुकट मिळणाऱ्या कॉम्प्युटर-प्रणालीची एक आवृत्ती जगभरचे स्वयंसेवक मिळून सांभाळतात, आणि त्यातलं एका प्रोग्रॅमचं पॅकेज त्यांच्या ताब्यात होतं. प्रोग्रॅम लिहिणारा कुणी दुसराच. तो प्रोग्रॅम लोकांच्या कॉम्प्युटरवर नीट बसेल असा बांधून देणं, त्याला सोबत आणखी काय लागतं ते नोंदवणं आणि तक्रारी आल्या की निस्तरणं, एवढं यांचं काम. बिनपगारी नोकरीत इतका रुबाब मी दुसरीकडे पाहिला नाही, असं बायको म्हणायची.

प्रोग्रॅम होता स्क्रीनवरची अक्षरं मोठी करून दाखवणारं भिंग. ते त्यांनी अंगावर घेतलं अक्कासाठी. अक्का म्हणजे थोरली बहीण. तिचा जन्म छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेला आणि त्यातच डोळे अधू झाले. दुकानातल्या एकाही काचेनं काम भागेना, तेव्हा भावानं हे भिंग तिच्या कॉम्प्युटरवर बसवून दिलं. अक्का पुन्हा वाचायला लागली आणि मेंटेनरांची छाती जी फुगली ती फुगलीच.

पुढे भिंगाची नवी आवृत्ती निघाली. मेंटेनरांनी ती बांधली, आपल्या कॉम्प्युटरवर चालवून पाहिली आणि पाठवून दिली. लगेच एका अनोळखी बाईची तक्रार आली, की नव्या कॉम्प्युटरवर भिंग उघडतच नाही. मेंटेनरांनी पुन्हा आपल्याकडे उघडून पाहिलं. छान उघडलं. ‘माझ्याकडे तर चालतंय,’ असं लिहून त्यांनी तक्रार बंद केली आणि गिऱ्हाइकाच्या चष्म्याचा स्क्रू पिळायला घेतला.

बाई चिवट निघाली. तिनं दुरुस्ती स्वतःच तयार केली आणि या लोकांच्या रिवाजाप्रमाणे ती थांबत्या रांगेत ठेवली. म्हणजे मेंटेनरानं हरकत घेतली नाही, तर थोड्या दिवसांनी ती आपोआप आत जाते. सोबत नम्रपणे लिहिलंही होतं, की तुम्ही कामात असाल म्हणून मी केलं, राग नसावा. मेंटेनरांना नेमका तोच आला. आपल्या पॅकेजला परक्यानं हात लावावा? दुरुस्ती काय आहे ते न बघताच त्यांनी ती रांगेतून काढून टाकली. मग लिनक्सची नवी आवृत्ती बाहेर पडली, ती त्याच नादुरुस्त भिंगासकट.

त्यानंतर कधीतरी अक्काचा जुना कॉम्प्युटर बंद पडला. तिच्या लेकीनं नवा आणला आणि सगळं बसवून दिलं. अक्काचा फोन मात्र येईनासा झाला. एरवी वाचलेल्या प्रत्येक पुस्तकातल्या चुका ती भावाला फोनवर ऐकवायची. शेवटी रविवारी मेंटेनर स्वतःच तिच्याकडे गेले. कॉम्प्युटरवर टॉवेल टाकून ठेवला होता.

‘वाचत नाहीस का हल्ली?’ त्यांनी विचारलं.

‘भिंग लावलं तरी अक्षर दिसत नाही रे आता,’ अक्का म्हणाली. ‘डोळे गेले म्हणायचे. तुला सांगायचं जिवावर आलं. एवढं केलंस माझ्यासाठी.’

मेंटेनर कॉम्प्युटरपुढे बसले. त्यांनी टॉवेल काढला आणि भिंगावर क्लिक केलं. अक्षरं होती तेवढीच राहिली. फक्त कोपऱ्यात मुंगीएवढी ओळ उमटली, की सोबत लागणारा अमुक एक भाग सापडत नाही. ज्यांना बारीक दिसत नाही त्यांच्याच भिंगानं आपलं दुखणं बारीक अक्षरात सांगावं, हा विनोद त्यांना त्या वेळी सोसवला नाही. तो भाग त्यांच्या कॉम्प्युटरवर वर्षानुवर्षं पडून होता, म्हणून तो नोंदवायचं त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. कोऱ्या कॉम्प्युटरवर तपासायचं सोडून ते आपल्याच घरात डोकावून जगाची खुशाली सांगत बसले होते.

‘डोळे नाही गेले अक्का. माझी अक्कल गेली होती,’ ते म्हणाले.

तिथेच बसून त्यांनी राहिलेला भाग बसवला, बंद केलेली तक्रार पुन्हा उघडली आणि त्या बाईची माफी मागितली. तिचीच दुरुस्ती तिच्या नावानं आत घेतली, आणि पॅकेज यापुढे दोघं मिळून सांभाळू या का, असंही विचारलं. हे शेवटचं वाक्य टाइप करायला त्यांना सगळ्यात जास्त वेळ लागला.

मग त्यांनी भिंग उघडून अक्काला खुर्चीत बसवलं. समोर नुकताच लिहिलेला माफीनामा होता. एकेक शब्द स्क्रीन व्यापून सरकू लागला. अक्का जुन्या सवयीनं शब्दावर बोट ठेवून मोठ्यानं वाचू लागली, ‘चूक... माझी... होती.’ तिथं तिचं बोट थांबलं. तिचे डोळे भरून आले, तरी तोंड गप्प बसेना.

‘लहानपणापासून ओळखते तुला,’ ती म्हणाली. ‘एवढ्या मोठ्या अक्षरात कधी कबूल केलं नव्हतंस.’