थांब म्हटल्यावर

माझ्या ताईच्या नवऱ्याला सगळी गल्ली धडधड्या म्हणायची. मी मात्र तो जिवंत असेपर्यंत त्याला 'भावजी' आणि 'अहो' म्हणत आले, ताईचं मन राखायला. आता तो नाही, तेव्हा अरे-तुरे करायला मी मोकळी आहे. माणूस गेला की त्याच्यावरचा राग जातो म्हणे. माझा काही गेलेला नाही, उलट चांगला मुरलाय.

कारण आता धडधड्या थोर झालाय. त्याने ऐन उमेदीत एक डिस्को गाणं केलं होतं, 'पळती रात्र'. हाय-एनर्जी म्हणतात तसलं, म्हणजे ठेका असा पळता की नाचणाऱ्याला घाम पुसायला उसंत नाही. छोटी तबकडी, एका बाजूला गाणं आणि दुसऱ्या बाजूला तेच गाणं बिनशब्दांचं. तेव्हा ती चार नाचघरांत वाजली आणि लोक विसरून गेले. आता कुठल्या कुठल्या पोरांनी ती जुन्या बाजारातून उकरून काढली आणि धडधड्याला काळाच्या पुढचा माणूस करून टाकलं. काळाच्या पुढचा! घरी जेवायला तो कधी वेळेवर आला नाही.

मूळचा तो मशीन मेकॅनिक, कपडे शिवायच्या कारखान्यातला. आम्ही दोघी बहिणीही तिथेच होतो, ताई कॉलरवर, मी बाह्यांवर. रांगाच्या रांगा मशीनं, आणि सगळी एका मेन स्विचवर. भिंतीला हा एवढा लोखंडी दांडा होता, तो खाली ओढला की अख्खा कारखाना गप्प. कुणाचं बोट सुईखाली गेलं, कुणाची वेणी पट्ट्यात ओढली गेली, की बाई ओरडायची "थांब!" आणि धडधड्या हातातलं टाकून दांडा ओढायचा. तो नसेल तर जी जवळ असेल ती ओढायची. कोण ओरडलं, का ओरडलं, हे नंतर बघायचं.

म्हणून त्या कारखान्यात हा शब्द दुसऱ्या कशालाच वापरत नसत. "थांब गं, चहा पिऊन येते," असं एक नवीन मुलगी चुकून बोलली तर सगळी मशीनं बंद पडली होती आणि तिला सगळ्यांकडून बोलणी खावी लागली. आम्ही त्याऐवजी 'दम धर' म्हणायचो. घरीसुद्धा. दूध उतू जायला लागलं तरी ताई दुधाला "दम धर, दम धर" म्हणते, अजूनही.

धडधड्याला ठेका सापडला तो तिथेच. सगळ्यात वेगाने पळणारं मशीन त्याच्या कानात बसलं होतं. जुना सिंथेसायझर आणला, ड्रम वाजवणारी पेटी आणली, टेपचं यंत्र आणलं, आणि मागच्या खोलीत, जिथे कापडाच्या गाठी ठेवायचे, तिथे त्याने स्टुडिओ थाटला. गाठींमुळे आवाज घुमत नाही हे त्याचं त्यानेच शोधलं. डोकं होतं त्याला, मी नाही म्हणत नाही. नुसता मूर्ख असता तर मी एवढी चिडले नसते.

गायला मी. ताई म्हणाली, "तुझे भावजी एवढं म्हणतायत तर म्हण की." म्हटलं ठीक. खोलीत मला एकटीला उभं केलं. पंख्याचा आवाज टेपवर येतो म्हणून पंखा बंद. दार खडखडतं म्हणून ते ओढून घेतलं आणि बाहेरून ताई पाठ लावून उभी राहिली. दाराशेजारी काचेची खिडकी होती, तिच्यापलीकडे तो टेपच्या यंत्राजवळ बसलेला. कापडाच्या धुळीने माझी छाती आधीच भरलेली असायची. दोनदा गाणं झालं, तिसऱ्यांदा त्याने ठेका आणखी वाढवला. शब्दांमध्ये श्वास घ्यायला जागाच नाही. मी खुणेने सांगितलं, मग गाता गाता मध्येच म्हणाले, "दम धरा, भावजी." तो हसला. डोळ्यांपुढे अंधारी आली तेव्हा मी जिवाच्या आकांताने ओरडले, "थांब!"

त्याने ऐकलं. काचेतून मला त्याचं तोंड दिसत होतं. कारखान्यात हा शब्द ऐकून ज्याचा हात कधी चुकला नाही, त्याने तो हात वर केला, ताईकडे पंजा दाखवला. म्हणजे, दार उघडू नकोस. मी आणखी एकदा ओरडले आणि माइकसकट खाली पडले. टेप संपली, मग ताईने दार उघडलं. मला पाणी दिलं आणि म्हणाली, "गाणं छान झालंय."

तबकडी आली. माझं "थांब!" त्याने कापून, जोडून, ठेक्यावर बसवलं होतं. थांब, थांब, थांब-थांब-थांब. कव्हरवर कुठल्याशा ओल्या केसांच्या मुलीचा फोटो, आत फक्त त्याचं नाव. मी त्यानंतर गायले नाही, छाती कायमची धरली ती धरलीच. आणि लोक नाचतात ते नेमके त्याच जागी. खरं सांगायचं तर ती जागा आहेच तशी. माझेही पाय हलतात, आणि त्याचा मला आणखी राग येतो.

तर आता माझा भाचा, बापाचा पोपट, घरी आला. कारखान्याचा हॉल झालाय, तिथे बापाच्या नावाचा फलक लावायचा आणि तबकडी नव्याने काढायची. "मावशी, तू स्टेजवर यायचं आणि ती एक आरोळी मारायची. थांब! बस्स."

"ती आरोळी नव्हती," मी म्हटलं.

"तेच तर! किती खरी वाटते!"

मला हसावं की त्याच्या कानाखाली वाजवावी ते कळेना. शेवटी म्हटलं, "येते. पण गाणं लावायच्या आधी मी बोलणार. तो शब्द काय होता ते लोकांना एकदा सांगणार. त्यानंतर तुला काय धिंगाणा घालायचा तो घाल."

"बोल की," तो म्हणाला.

ताई कपड्यांच्या घड्या करत होती. "कशाला जुनं उकरतेस?" ती म्हणाली. "गेले ते. त्यांचं नाव होतंय तर होऊ दे."

"नाव त्याचं, आवाज माझा," मी म्हटलं. ताईने उशीचा अभ्रा उलटा घडी केला. त्या दिवशीच्या दाराबद्दल आम्ही दोघी कधीच बोललो नव्हतो.

मला दुसरं काही नको होतं. फलक नको, फोटो नको. आयुष्यात एकदा चार लोकांसमोर सांगायचं होतं, की बाबांनो, तुम्ही ज्याच्यावर नाचता ते गाणं नाही, ती एक बाई मदत मागतेय.

हॉल दुपारच्या उन्हाने भरला होता. मशीनं गेली होती, भिंतीवरचा लोखंडी दांडा मात्र शोभेला म्हणून रंगवून तसाच ठेवलेला. "त्याला हात लावू नका हं," भाचा सगळ्यांना सांगत फिरत होता, "अजून सगळी वीज त्याच्यावरच आहे." ताईला मान म्हणून पुढची खुर्ची दिली होती, त्या दांड्याच्या शेजारी. पोरंपोरी धडधड्याचं चित्र छापलेले शर्ट घालून उभी होती.

भाच्याने बापाचं कौतुक पोटभर केलं. मग मला माइक दिला. मी म्हटलं, "हा शब्द गाण्यातला नाही. या कारखान्यात तो शब्द कुणी उगाच उच्चारत नसे, कारण..."

ठेका सुरू झाला. मला वाटलं चुकून झाला. मी आवाज चढवला, भाच्याने बटण चढवलं. लोक डोलायला लागले. मी त्याच्याकडे बघून हातवारे केले, तर तो हसून मान डोलवतोय, अगदी बापासारखा. माझी छाती भरून आली, श्वास लागला, आणि मी माइक सोडून थेट त्याच्यावर ओरडले, "थांब!"

लोकांनी शिट्ट्या मारल्या. काय वेळेवर आली म्हातारी! भाच्याला तर आनंद मावेना. समोरून ताई अर्धवट उठली होती, तिच्याकडे बघून त्याने हात वर केला आणि पंजा दाखवला. बस, आई, बस.

ताईने तो पंजा पाहिला. मग तिने शेजारचा दांडा दोन्ही हातांनी धरला आणि खाली ओढला.

गाणं शब्दाच्या मधोमध तुटलं. हॉलमध्ये नुसतं ऊन आणि माझ्या धापा. भाचा ओरडला, "आई, काय केलंस?" ताईने त्याच्याकडे पाहिलंच नाही. दांड्यावरचा हात न काढता, त्या दारापासून आजवर चुकवलेली नजर तिने माझ्या डोळ्यांत घातली.

"दम धर," ती म्हणाली. "मग सगळं सांग. माझंसुद्धा."