मापबाईचा फोटो

कारखान्यात तिला नावानं हाक मारल्याचं कुणालाच आठवत नाही. सगळे तिला मापबाई म्हणत. बायकांचे तयार कपडे शिवणारा तो कारखाना, खाली दुकान आणि वर शिलाईचा हॉल. मोठ्या साईजचा प्रत्येक नवा कपडा आधी हिच्या अंगावर चढे. छोट्या साईजसाठी कापडी पुतळे होते, खिडकीखाली ओळीनं उभे. मोठ्या साईजचा पुतळा मागवायचं मालकीणबाई दरवर्षी ठरवत आणि दरवर्षी ते राहून जाई. ती आली होती खरं तर इस्त्रीच्या कामाला. एक दिवस मास्तरांनी, म्हणजे कापड बेतणाऱ्या म्हाताऱ्यानं, तिला इस्त्रीच्या टेबलावरून उचललं. उचललं म्हणजे हाक मारून. हातांनी उचलायची कुणाची टाप होती? म्हणाले, "बाई, जरा उभी राहा." ती उभी राहिली ती अठरा वर्षं.

आणि नुसतं उभं राहणं म्हणजे काम नव्हे, बरं का. पुतळ्याला टाचणी टोचत नाही, हिला टोचायची. पुतळा गप्प राहतो, ही कसली गप्प राहतेय! "मास्तर, मुंढा काचतोय. काखेत दोन बोटं सोडा." "मास्तर, बसलं की मांडीवर ओढतंय. तुमची गिऱ्हाइकं काय जन्मभर उभी राहणारेत?" "आणि खिसे कुठायत? बाईला हात नसतात का?" मास्तर तोंडातल्या टाचण्यांमधून काहीबाही पुटपुटत, पण शिवण उसवत. त्या कारखान्याचे मोठ्या साईजचे कपडे गावात सगळ्यात चांगले बसतात असं बायका म्हणत. ते कुणामुळे बसतात, हे मात्र कुणाच्या गावीही नव्हतं.

ती दिसायची कशी, ते आत्ताच सांगून टाकते, कारण पुढचा सगळा गोंधळ त्यावरूनच झाला. उंच, रुंद, पोट सुटलेलं, दंड चांगले भरलेले. रंगानं काळी. सावळी-बिवळी म्हणून गोड करून सांगायचं काही कारण नाही, काळी. केस असे कुरळे की कंगव्यानं हात टेकावेत. तिचे आजोबा दूरच्या मुलखातून इथल्या खाणीत कामाला आले. दोन पिढ्या झाल्या, भाषा इथली झाली, मुलंबाळं इथं झाली, तरी गाव त्यांना अजून 'ते खाणीतले' म्हणे. आईनं तिला लहानपणी दोन गोष्टी बजावल्या होत्या: उन्हात जाऊ नकोस, आणि फोटोत मागे उभी राहा. पहिली जमली नाही. दुसरी इतकी जमली की लग्नाच्या फोटोतसुद्धा ती नवऱ्यामागे लपलीय. नवरा तिच्या खांद्याला लागतो. कशी लपली देव जाणे.

दरवर्षी नव्या कपड्यांचे फोटो काढले जात. मोठ्या साईजसाठी मालकीणबाई जिला बोलवत ती पोरगी गोरीपान आणि शिडशिडीत. कारखान्यात तिला काडीच म्हणत. काडीच्या पोटाला, कमरेला स्पंजच्या गाद्या बांधायच्या, वरून ड्रेस चढवायचा आणि मागून चिमटे लावायचे, अशी पद्धत. चेहरा बारीक पाहिजे आणि माप मोठं पाहिजे, त्यावर काढलेला हा तोडगा! त्या वर्षी निळ्या ड्रेसमध्ये काडीनं गिरकी घेतली आणि तिचं पोट घसरून मागे गेलं. सगळे पोट धरून हसले. काडीही हसली, आणि मग दिव्यांच्या उकाड्यात घामाघूम होऊन मटकन खाली बसली.

"हे थेर पुरे," फोटोवाला म्हणाला. "हा ड्रेस जिच्यावर बेतला ती बाई कुठाय?"

ती बाई कोपऱ्यात टाचण्यांची उशी धरून उभी होती. दहा मिनिटांत निळा ड्रेस तिच्या अंगात होता. सवयीनं ती टेबलामागे सरकली. फोटोवाल्यानं टेबलच उचलून बाजूला ठेवलं. मग तिनं दोन्ही हात खिशात घातले, तिनंच भांडून मिळवलेल्या खिशात, आणि कॅमेऱ्याकडे असं पाहिलं, जसं ती "बाही मस्त बसलीय" म्हणणाऱ्या मास्तरांकडे पाहते. फोटोवाला म्हणाला, "झालं. हाच."

पंधरा दिवसांनी तो फोटो दुकानावर चढला, दोन मजले उंच. रविवारी तिनं नवऱ्याला काही न सांगता चौकात नेलं. नवरा घड्याळं दुरुस्त करतो. डोळ्याला भिंग लावून केसाएवढी स्प्रिंग फरशीवरून शोधून काढणारा माणूस. त्यानं मान वर करून नीट पाहिलं.

"ड्रेस छान आहे गं," तो म्हणाला. "बाई कोण?"

तिला वाटलं चेष्टा करतोय. तो चेष्टा करत नव्हता. मग तिनंही वर पाहिलं. दुधाळ चहाच्या रंगाची एक बाई, कंबर निम्मी, दंड बारीक, केस सरळ, खिशात हात घालून उभी. खिसे तेवढे खरे होते. "असेल कुणीतरी," ती म्हणाली आणि चालू लागली.

घरी येऊन रडली असती तर बरं झालं असतं. ती घासलेलीच भांडी परत घासत बसली. नवऱ्यानं दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा तिच्या हातातलं पातेलं काढून घेतलं, तेव्हा तिनं सांगितलं. तो खुर्चीत बसून राहिला. बावीस वर्षं रोज बघतोय ही बाई, आणि ओळखली नाही! "माझंच चुकलं," तो म्हणाला.

"तुमचं नाही चुकलं. ती मी नव्हतेच."

सोमवारी सकाळी ती थेट मालकीणबाईंच्या खोलीत गेली.

"अगं, थोडं उजळ केलंय, थोडं बारीक केलंय. सगळ्यांचंच करतात," मालकीणबाई म्हणाल्या. बाई वाईट नव्हत्या, त्यांना खरंच तसं वाटत होतं. "तुझं भलंच केलं की."

"माझं केलं असतं तर मी दिसले असते ना, ताई? सगळं खरवडून काढलंत. फोटो आहे तसा लावा, नाहीतर उतरवा."

"आणि नाही लावला तर?"

"मग नवे कपडे घालून बघायला तिलाच बोलवा, त्या भिंतीवरच्या बाईला."

आणि ती इस्त्रीच्या टेबलाशी जाऊन उभी राहिली, अठरा वर्षांपूर्वीच्या जागी. या वयात दुसरीकडे कोण घेणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण इस्त्री अशी फिरवली की मास्तर लांबून वळून गेले.

मालकीणबाईही हट्टाला पेटल्या. पुतळ्याला गोधडी गुंडाळून त्यावर मोठी साईज बेतायचा हुकूम सुटला. मास्तरांनी तीन आठवडे गोधडीशी झटापट केली. "मेली बोलत नाही काही," म्हणायचे. कपडे दुकानात गेले आणि धडाधड परत आले. उभं राहिलं की झकास, बसलं की शिवण टरकन फाटते. गोधडी थोडीच बसून बघणार? शेवटी मास्तरांनी टाचण्यांचा डबा मालकीणबाईंच्या टेबलावर आपटला. "ती उभी राहणार असेल तर मी बेततो. नाहीतर तुम्ही गोधड्याच विका."

फोटो बदलला. आता भिंतीवर खरी मापबाई होती: रंग तोच, पोट तेच, केस हवेत, दोन मजले. नवरा कामावर जाताना आता चौकातूनच वळसा घालून जाऊ लागला.

आणि मग सुरू झाली तोंडं. दुकानानं तोच फोटो इंटरनेटवर टाकला होता, त्याच्याखाली लोकांनी लिहायला सुरुवात केली. आठ दिवसांत मालकीणबाईंचा धीर सुटला. दुपारच्या चहाला त्या फोन घेऊन हॉलमध्ये आल्या. खाली रस्त्यावर शिडीवाला फोटो उतरवायला येऊन थांबला होता, नुसत्या हाकेची वाट बघत.

"ऐका," मालकीणबाई म्हणाल्या. "मी वाईट नाही, तुम्हीच ऐका. 'ही बाई आहे की ड्रेस घातलेलं कपाट?' 'अंधारात फोटो काढलाय का?' हे एक डॉक्टर म्हणवतात स्वतःला, 'असले फोटो लावून तुम्ही लठ्ठपणा पसरवताय.'"

"मला बघून जाडी होत असती तर काडी एव्हाना केवढी झाली असती!" मापबाई म्हणाली. हॉल हसला.

काडी त्या दिवशी छोट्या साईजच्या फोटोंसाठी आली होती. "हसू नका," ती म्हणाली. "मला काय कमी बोलतात? 'हिला कुणी जेवायला घाला रे.' आणि मावशी, खरं सांगू? तुमच्यामुळे माझं निम्मं काम गेलं. पण त्या गाद्या गेल्या त्याचं वाईट नाही वाटत."

"इथं काही जणांनी चांगलंही लिहिलंय," मालकीणबाई घाईनं म्हणाल्या. "'किती हे धाडस! सलाम!'"

"धाडस कसलं डोंबलाचं? अंगभर ड्रेस घालून उभी आहे मी!"

मास्तरांनी कप खाली ठेवला. "मी एक बोलतो, राग मानू नकोस. गिऱ्हाईक स्वप्न विकत घेतं. ड्रेस घेताना बाईला वाटतं, आपण भिंतीवरच्या त्या पोरीसारख्या दिसू. ते काढून घेतलंस तर उरलं काय?"

"बसणारा ड्रेस उरला, मास्तर. तुम्हीच बेतलेला."

आता सगळ्यांना वाटलं, झालं. तेवढ्यात काजवाल्या काकू बोलल्या. काजं करणाऱ्या, चष्म्याच्या, कधी तोंड न उघडणाऱ्या. अंगानं मापबाईएवढ्याच.

"मला नाही तो फोटो बघवत," काकू म्हणाल्या. "काढून टाका. येता-जाता लोक बोट दाखवून हसतात. तुला हसतात, पण लागतं मला. घरी आरसा आहे तेवढा पुरे. रस्त्यावर कशाला आणखी?"

सगळ्या टोमण्यांना पुरून उरलेल्या मापबाईला इथं मात्र लागलं. हे परक्याचं नव्हतं. हे तिच्या आईचंच बोलणं होतं, फोटोत मागे उभी राहा. ती काकूंजवळ जाऊन बसली.

"काकू, तुम्ही पण लपता का फोटोत?"

काकूंनी मान हलवली. "माझा फोटोच नाही. मीच काढते सगळ्यांचे."

खालून शिडीवाल्यानं आवाज दिला, "काढू का हो? ऊन चढलंय!"

मालकीणबाई खिडकीकडे वळल्या. "थांबा, ताई," मापबाई म्हणाली. "शेवटचं काय आलंय ते वाचा. सगळ्यात वाईट असेल ते."

मालकीणबाईंनी तिच्याकडे बघायचं टाळलं. "'आपल्यातल्या बायका संपल्या म्हणून खाणीतली आणून टांगली का?' एका गृहस्थांनी लिहिलंय. त्याला तीनशे जणांनी पसंती दिलीय. म्हणूनच म्हणते बाई, उतरवू या. तुझ्यासाठीच म्हणते."

मापबाईचे कान तापले. अंगाची लाही लाही झाली. लहानपणापासून हा शब्द ऐकून ती भिंतीला चिकटून चालत आली होती. आता चिकटायला भिंत उरली नव्हती, भिंतीवर तीच होती.

"फोन द्या इकडे," ती म्हणाली. "दुकानाच्या नावानं नाही, माझ्या नावानं लिहिणार."

एका बोटानं टाइप करायला तिला बराच वेळ लागला. सगळे मागे गोळा झाले. तिनं लिहिलं:

"दादा, मी इथं आत्ता नाही आले. अठरा वर्षं या दुकानाचा मोठ्या साईजचा प्रत्येक कपडा आधी माझ्या अंगावर बेतला जातो. काखेत काचत नाही ते मी सांगितलं म्हणून. बसलं की फाटत नाही ते मी बसून बघितलं म्हणून. तुमच्या घरात मोठ्या साईजचा आमचा ड्रेस असेल तर त्याचा घेर माझा आहे. मी तुमच्या कपाटात केव्हाची आहे. भिंतीवर आत्ता आले."

"अगंबाई," मालकीणबाई म्हणाल्या. "गिऱ्हाईक आहे ते."

"गिऱ्हाईक त्यांची बायको असेल. हे नुसते लिहितात."

चहा गार झाला तरी कुणी मशीनवर जाईना. त्या गृहस्थांचं काही उत्तर आलं नाही. शिडीवाल्यानं पुन्हा हाक मारली. मालकीणबाईंनी फोन परत घेतला, खिडकीकडे दोन पावलं टाकली आणि थबकल्या. मग त्यांनी मोठ्यानं वाचलं. एका बाईनं खाली लिहिलं होतं.

"वरचे गृहस्थ माझे यजमान. मी आत्ता कपाट उघडून बघितलं. सहा निघाले. मुंढा खरंच काचत नाही हो. निळा माझ्या मापात ठेवा, उद्या घ्यायला येते. यांनाच घेऊन येते."

आधी मास्तरच हसले, नुकत्याच तोंडात धरलेल्या टाचण्यांसकट, म्हणजे जिवावर उदार होऊन. मग हॉलच फुटला. मापबाईनं पदरानं नाही, हातातल्या निळ्या चिंधीनं डोळे पुसले आणि पुसता पुसता हसत सुटली.

"अहो, काढू का नको?" खालून ओरडा आला.

मालकीणबाई तोंड उघडणार, तोच काजवाल्या काकू उठल्या. चष्मा सावरत खिडकीशी गेल्या, अर्ध्या बाहेर वाकल्या, आणि कारखान्यात कुणी कधी ऐकला नव्हता एवढ्या आवाजात ओरडल्या.

"राहू दे वर! आणि शिडी नेऊ नकोस इतक्यात. फोटोवाल्याला सांग, बोलावलंय म्हणावं, अजून एक लावायचाय!"